पैकूचा हाकारा

फार वर्षं झाली. सोनझरीच्या तळ्याला अजून दगडी पाळही नव्हती, तेव्हा तिथे पैकू ढिवर राहत होता. धंदा मासेमारीचा, पण जाळं टाकून झालं की स्वारी पाखरंच बघत बसायची. त्यातही अडईची, म्हणजे शीळ घालणाऱ्या रानबदकाची पिलं म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याची डोंगी, म्हणजे लहानशी होडी, दिसली की आई शीळ घाली आणि सगळी पिलं लव्हाळ्यात गडप होत. पैकूला याचं फार वाईट वाटे. आपल्याला काय भ्यायचं?

मग तो डोंगीतून कण्या टाकू लागला. होता होता पिलं आईच्या शिळेला दाद देईनाशी झाली आणि डोंगीला येऊन भिडू लागली. त्याच्या तळहातावर झोपायची, असं म्हणतात. त्या पावसाळ्यात त्याच्याइतका सुखी माणूस पंचक्रोशीत नव्हता.

एके दिवशी तो तापानं फणफणला होता. परगावच्या एका माणसानं शिंगाडे काढायला डोंगी मागितली. पैकूची बायको भागरता भोळी, दिली तिनं. तो निघाला पाखरं धरून विकणारा. तळ्यावर आई शीळ घालून घालून घसा फोडत होती, आणि पिलं आपल्या पायानं डोंगीकडे चालली होती. शीळ ऐकून पैकू धडपडत काठावर आला, तोवर डोंगी रिकामी होती आणि माणूस पिलं घेऊन पसार झाला होता.

"माह्याच हातानं डोंगी देल्ली जी मी," भागरता रडू लागली.

"डोंगीचं का घेऊन बसली वं? त्याईचं भेव तं म्याच काढून घेतलं," पैकू म्हणाला.

ती आई मेली, तरी तिची शीळ कित्येक वर्षं तळ्यावर घुमत होती, असं म्हणतात.

पुढल्या पावसाळ्यापासून नवी पिलं दिसली की पैकू वल्हं पाण्यावर आपटून ओरडायचा, "पळा रे, पळा! मी वैरी हाव तुमचा!" त्या आवाजानं आभाळातल्या घारीही मागे फिरत, असं म्हणतात. पिलं लपली की तो डोंगीत बसून रडायचा. लोक त्याला खुळा म्हणत. जन्मात पुन्हा त्यानं एकही पिलू जवळून पाहिलं नाही.

आजही पिलांच्या दिवसांत सोनझरीत पैकूच्या नावानं हाकारा घालतात. ते काम कुणालाही देत नाहीत. गावात ज्याचा पिलांवर सगळ्यात जास्त जीव, त्यालाच डोंगीत उभं करतात.