शेकरूचे पिवळे दात

रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सगळ्या प्राण्यांचे दात सुतार पक्षी बघायचा. एके सकाळी तांबुळी शेकरू सुजलेली हिरडी घेऊन त्याच्याकडे आली. दातांच्या फटीत लाकडाची ढलपी रुतली होती. पिल्लं होण्याचे दिवस भरत आलेले, घरटं अर्धवट, आणि तिला साधी काटकी तोडवत नव्हती.

सुतारानं उपाशीपोटी दुपारपर्यंत खपून ढलपी अलगद काढली. ठणका थांबताच तांबुळी म्हणाली, “दादा, आलेच आहे तर दात सशासारखे पांढरेही करून द्या. चारचौघांत हसायची लाज वाटते.”

“करतो की. पण वरचा पिवळा थर खरवडावा लागेल, आणि ताई, तुझ्या दातांची ताकद त्या थरातच आहे.”

तांबुळीनं दातांवरून जीभ फिरवली. “मग राहू द्या,” एवढंच म्हणून ती निघून गेली. बाई रुसली, असं सुताराला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ढोलीपाशी एक वाळकी फांदी ठेवलेली होती. साल सोलून काढलेली, आत गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या, आणि जिथून फांदी तोडली होती तिथं दोन दातांच्या खोल, सरळ खुणा होत्या.