शंभरावर थांबलेला काटा

सकाळचे अकरा वाजले होते. महिना एप्रिल. एका गावाच्या टोकाला, छपाई संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मुरलीधर भावसार नावाचे रंगारी बारा बायकांना पॉलिस्टरवर छपाई शिकवत होते.

मुरलीधर मास्तरांनी तीस वर्षं सुती कापड छापलं होतं. त्यांच्या हाताला पंचक्रोशीत मान होता. पण पॉलिस्टर त्यांनी कधी छापलं नव्हतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. संस्थेने विचारलं, "जमेल ना?" मास्तर म्हणाले, "कापड ते कापड."

तसं ते नसतं. सुती कापडावरचा रंग साध्या वाफेवर पक्का होतो. पॉलिस्टरचा धागा हट्टी. त्याला डिस्पर्स नावाचा वेगळा रंग लागतो, आणि बंद टाकीत वाफ कोंडून एकशे तीस डिग्रीपर्यंत तापवल्याशिवाय तो धागा रंगाला आत घेत नाही. तोवर रंग नुसता वर बसून असतो. रंगाच्या डब्याबरोबर आलेल्या कागदावर हे सगळं लिहिलं होतं. कागद इंग्रजीत होता. मास्तर चौथी शिकलेले.

बारा जणींत वत्सला कोष्टी होती, दहावीपर्यंत शिकलेली. तिचे दोन माग भंगारात गेले होते. शिकणाऱ्यांतून ज्या चांगल्या निघतील त्यांना संस्था छपाईच्या टेबलावर कायम घेणार होती. वत्सलाला ती जागा हवी होती. घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं.

त्या दिवशी टाकीपाशी उभं राहायची पाळी तिची होती. मास्तरांनी टाकीतली वाफ बाहेर सोडायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, काटा शंभरावर आहे. कागदावर एकशे तीस लिहिलंय."

"कागद रंगवतो का कापड?" मास्तर म्हणाले. "वत्सलाबाई, एवढं वाचता येतं तर कलेक्टर व्हायचं होतं. इथं कशाला आलात?"

बायका हसल्या. वत्सलाही हसली, कारण जागांसाठी नावं मास्तरांना सुचवायची होती आणि तिला जागा घ्यायची होती. तिने वाफ सोडली. टाकीपाशी जी उभी असेल तिने वहीत आकडा लिहून सही करायची, असा नियम होता. तिने खरा आकडा लिहिला. शंभर.

कापड धुवायला घेतलं तर पाणी लालभडक वाहू लागलं. काहीतरी चुकलंय हे मास्तरांना तेव्हाच कळलं. पण विचारायचं कुणाला? मास्तरने विचारलं तर मास्तर कसला? "जास्तीचा रंग असतो, तो जातो," असं म्हणून त्यांनी धुणंच आवरतं घेतलं.

त्या कापडाच्या साड्या झाल्या. पिवळ्या, लाल फुलांच्या. मे महिन्यात गावात सामुदायिक विवाह होता, एकवीस नवरींना संस्थेने त्या साड्या दिल्या. भर दुपारचा मुहूर्त. मांडवात उकाडा. नवरींनी पदराने घाम टिपला आणि त्यांचे गाल, गळे, हात लाल झाले. नवरदेवांचे पांढरे सदरे खांद्याशी लाल झाले. कुणी पाहुणा मोठ्याने म्हणाला, "पोरी लाजल्या म्हणायच्या, का साड्या उतरल्या?" मांडव हसला. एक मुलगी अक्षता पडत असताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संस्थेची बैठक भरली. अध्यक्षांनी वही उघडली.

"हा आकडा तुमचा?"

"माझाच," वत्सला म्हणाली.

"कागद वाचता येतो तुम्हाला. शंभर चुकीचं आहे हे माहीत होतं. तरी वाफ सोडलीत?"

वत्सलाने मास्तरांकडे पाहिलं. अध्यक्षांनीही पाहिलं. "मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

मास्तर म्हणाले, "मी सगळ्यांना सारखंच शिकवतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं हलकट होतं. वत्सलाला त्याच बैठकीत काढून टाकलं. अकरा जणी तिथे बसल्या होत्या. टाकीपाशी मास्तर वत्सलाला काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं, तेव्हा त्या हसल्याही होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये शिकवणी पुन्हा सुरू झाली. मास्तर आता वाफ एकशे तीसवर नेत होते. कापड धुतलं तर पाणी नितळ येत होतं. एका नव्या बाईने सहज विचारलं, "मास्तर, एकशे तीसच का? तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना दुसरं नाव सुचेना. ते म्हणाले, "वत्सला कोष्टीने." मग टाकीला हात टेकून, मान खाली घालून, त्यांनी सगळं सांगितलं. कागद वाचता येत नाही इथपासून सांगितलं.

अध्यक्षांना कळलं. त्यांनी सभा बोलावली. "चूक कबूल करायला छाती लागते," असं म्हणून त्यांनी मास्तरांना शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. मास्तरांना नको म्हणता आलं नाही. फोटो निघाला. त्यात ते जमिनीकडे बघताना दिसतात.

ती शाल हातात घेऊन ते वत्सलाच्या दारी गेले. ती दुसऱ्यांच्या धुण्याचे पिळे झटकत होती.

"चुकलो, वत्सलाबाई," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलं मी."

"ऐकलं." तिने ओल्या अंगठ्याने शालीचं टोक चोळून पाहिलं. "पॉलिस्टरच आहे. नीट तापवलेली दिसते. रंग हलत नाही."

"तुमची जागा..."

"जागेचं सभेत कुणी काही बोललं का, मास्तर?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही बोललात?"

ते शाल घडी करत उभे राहिले. घडी नीट बसत नव्हती.

तात्पर्य: न येणं ही लाज नाही; ते लपवण्यासाठी दुसऱ्याला पुढे ढकलणं ही लाज आहे, आणि त्याचं हिरावलेलं परत मिळवून न देता नुसती कबुली देऊन कौतुक घेणं ही त्याहून मोठी. जुलैच्या पहिल्या तारखेला संस्थेने छपाईच्या टेबलावर बारा बायका कायम केल्या. त्या यादीत वत्सला कोष्टीचं नाव नाही, आणि का नाही हे अजून कुणी सांगितलेलं नाही.