फणसाखालचं परस

कोकणातल्या एका गावात दोन भाऊ शेजारी शेजारी राहत. घर वाटलं, तेव्हा मागचं परसही वाटलं. उघडं, उन्हाचं परस थोरल्याकडे गेलं. धाकट्याच्या वाट्याला आला मोठा फणस आणि त्याची सावली.

त्या घराची एक रीत होती. बहिणीच्या लग्नात प्रत्येक भावानं आपल्या परसातली एक भाजी पंगतीला द्यायची. विकतची चालत नसे. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं.

थोरल्यानं वांगी लावली. ते बघून धाकट्यानंही वांगीच लावली. थोरल्याची झाडं फळांनी वाकली. धाकट्याची रोपं उन्हाच्या शोधात उंच गेली, काटकुळी झाली आणि फुलं गळून पडली.

थोरला कुंपणावरून म्हणाला, "काय रे, तुझी वांगी लाजतात वाटतं?"

"फणस आडवा येतो, दादा."

"मग पंगतीला काय देणार? सावली वाढणार पानात?"

धाकट्याला ते लागलं. बहिणीच्या लग्नात रिकाम्या हातानं उभं राहायचं, म्हणजे सगळ्या भावकीत मान खाली. त्यानं लाकूडतोड्याला बोलावलं. फणस पाडायचा आणि पुन्हा वांगी लावायची, असं ठरवलं.

बायको झाडाला पाठ लावून उभी राहिली. "अहो, तुम्ही रोज दादांच्या परसात बघता. एक दिवस आपल्या परसात बघा. ऊन कुठून येतं, कुठवर थांबतं, माहीत आहे?"

"सावली ती सावली. त्यात बघायचं काय?"

"झाड उद्याही पाडता येईल. पाडलेलं उभं करता येणार नाही."

लाकूडतोड्या खाली बसला. म्हणाला, "वहिनींचं ऐका. माझी कुऱ्हाड काही पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी धाकटा सकाळपासून पायरीवर बसून राहिला. सकाळचं तिरपं ऊन फांद्यांखालून आत येत होतं. पूर्वेच्या पट्ट्यावर ते जेवणवेळेपर्यंत टिकलं. न्हाणीमागं मात्र ऊन आलंच नाही. पण तिथली माती न्हाणीच्या पाण्यानं सदा ओली होती.

त्यानं लाकूडतोड्याला परत पाठवलं. वांगी उपटली. पूर्वेला पालक आणि कोथिंबीर पेरली. न्हाणीमागं अळूचे कंद लावले.

वैशाख आला. ऊन एवढं कडक, की थोरल्यानं वांग्यांच्या कडेनं पेरलेली कोथिंबीर फुलावर गेली. त्याची वांगी चांगली आली, ती पंगतीला गेली. धाकट्यानं अळूचे भारेच्या भारे आणले. त्याच झाडाचे पिकले फणस फोडून त्यांच्या आठळ्या अळूच्या भाजीत घातल्या. कोथिंबीरही त्याचीच.

पंगतीत अळू दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा थोरल्यानंच पान पुढं केलं.

"वाढ."

धाकट्यानं वाढलं.

सासरी निघताना बहीण धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तिकडं घरामागं ऊनच येत नाही म्हणे. मला थोडे कंद दे."

धाकट्यानं लग्नाच्या कपड्यांतच कुदळ घेतली आणि कंद खणून तिच्या ओटीत घातले.

तात्पर्य सांगतो, लक्षात ठेवा: शेजाऱ्याचं बघून पेरू नका. आपल्या जमिनीला काय मिळतं ते आधी नीट बघा आणि तिथं येईल तेच लावा.