नेमणुकीची मुदत

भिवरगड संस्थानचे न्यायाधीश बाळाजीपंत हर्डीकर आधी दप्तरात नक्कलकारकून होते. अक्षर सुरेख आणि तोंड बंद, एवढं पाहून राजेसाहेबांनी त्यांना न्यायाधीश नेमलं. अक्षर पुढेही सुरेखच राहिलं.

अकराव्या वर्षी राजेसाहेबांच्या हत्तीने गोदू माळणीचा पानमळा तुडवला. बाळाजीपंतांनी निकाल दिला, की वेली पुन्हा उभ्या राहीपर्यंत हत्तीने मळ्याला पाणी वाहावं. दसरा चार दिवसांवर आला, आणि अंबारीचा हत्ती मळ्यात पखाली वाहत होता.

राजेसाहेबांनी बाळाजीपंतांना भर दरबारात उभं केलं.

"तुम्हाला नेमलं, ही आमची घोडचूक झाली. आज तो हुकूम आम्ही रद्द करतो."

"चूक झाली असेल, सरकार," बाळाजीपंत म्हणाले. "पण ज्या हुकमावर साठ दिवसांत हरकत आली नाही, तो कायम होतो. सरकार अकरा वर्षं उशिरा आलेत."

"असला खुळचट कायदा केला कुणी?"

दिवाणांनी घसा खाकरला. "सरकारांनीच. रयतेच्या तक्रारींनी कान किटले होते तेव्हा."

"त्यात आम्हाला सूट असेलच की!"

"नाही, सरकार," बाळाजीपंत म्हणाले. "नक्कल मीच उतरवली होती. तेवढी एक ओळ राहिल्यासारखी वाटली होती खरी. पण मी गप्प राहिलो, म्हणून तर सरकारांनी मला नेमलं."

दसऱ्याला राजेसाहेबांची स्वारी घोड्यावरून निघाली. वाटेत पानमळा लागला. हत्तीने सवयीने सोंड उचलून मुजरा केला आणि तो पुन्हा पाण्याला लागला.