साळूने सोडलेला घास

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होते. तिथे ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर एक रानडुक्कर आपल्या पिल्लांसह राहत असे आणि पलीकडच्या उतारावर एक काटेरी साळू. दोघांचेही पोट जमिनीतल्या कंदांवर चाले. मुलांनो, डुकराचे नाक म्हणजे नुसता नांगर! उकरण्यात त्याचा हात धरणारे रानात कोणी नव्हते. तरीही उन्हाळा आला की त्याच्या उतारावर कंद औषधालाही मिळत नसे, आणि साळूच्या उतारावर मात्र बारा महिने सुकाळ. डुकराला भुकेपेक्षा याचाच त्रास जास्त होई.

त्यात एके दिवशी पिल्ले ओढ्यापलीकडून नाचत आली. "बाबा, साळूमावशीनं आम्हाला कंद दिला. काय गोड होता! आपल्याकडे का नसतात तसे?"

"आपल्याकडे काय कमी आहे?" डुक्कर खेकसला. खरे तर सगळेच कमी होते. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. 'एवढीशी ती साळू! चांगली माती बळकावून बसली आहे, दुसरं काय!'

संध्याकाळी तो ओढा ओलांडून करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसला. साळू आली, तिने एक वेल हुंगला, कंद उकरला आणि कुरुमकुरुम खाल्ला. पण वेलाच्या बुडाशी, जिथून नवा कोंब फुटतो तो डोळ्याचा तुकडा तिने तसाच ठेवला आणि पंजाने वर माती ओढून ती पुढे निघाली. डुक्कर हसतच बाहेर आला.

"काय साळूबाई, पोट फारच भरलेलं दिसतंय! तोंडाशी आलेला घास मातीत टाकतेस?"

"भरलंय कुठलं, डुकरदादा! भूक आहेच. पण एवढा तुकडा मी नेहमी ठेवते. पाऊस पडला की पुन्हा फुटतो."

"एवढ्याशा तुकड्यानं काय होणार? मला शेंड्या लावू नकोस. ही सगळी या मातीची करामत. आजपासून हा उतार माझा, तू जा तिकडच्या उजाड उतारावर!" डुकराने सुळे परजले.

साळूने त्याच्या मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या पिल्लांकडे पाहिले. त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. तिला भांडावेसे वाटेना. "जाते," ती म्हणाली. "पण खाऊन उरलेले थोडे तुकडे तेवढे नेऊ दे."

"ने, ने! तुझं उष्टं तुलाच लखलाभ!"

मग काय, डुकराने नव्या उतारावर मेजवानीच मांडली. प्रत्येक वेलाच्या बुडाशी पोचला की त्याला साळूचे बोलणे आठवे आणि हसू येई. 'एका घासानं काय बिघडतंय?' असे म्हणत तो डोळ्यासकट सगळे फस्त करी. प्रत्येक वेळी तो घास एकच असे.

पावसाळा आला आणि गेला. पुढच्या उन्हाळ्यात डुकराच्या नव्या उतारावर खड्ड्यांशिवाय काही उरले नाही. पिल्ले उपाशीपोटी निजू लागली. आणि पलीकडे, त्याने टाकून दिलेल्या उतारावर, झाडाझाडावर वेल चढले होते! डुकराला ते पाहवेना. जी माती त्याच्यावर रुसून बसली होती, ती साळूला कशी पावली? मत्सराने धुमसत तो पिल्लांना घेऊन ओढा ओलांडून आला आणि समोर दिसला तो पहिलाच वेल त्याने उकरला.

आत टपोरा कंद होता. त्याच्या माथ्याशी मागच्या वर्षीचा एक सुकलेला तुकडा चिकटलेला होता आणि त्यावर साळूच्या दातांच्या खुणा होत्या. डुक्कर त्या खुणांकडे बघतच राहिला. हेच ते उष्टे! त्यानेच तर हसत हसत नेऊ दिले होते. माती दोन्हीकडे सारखीच होती. त्याची मान खाली गेली.

साळू मागे येऊन उभी होती. "पिल्लांना दे, डुकरदादा," ती म्हणाली. "पुरेसं आहे."

पिल्लांनी कंदावर झडप घातली. खाता खाता धाकटे पिल्लू शेवटच्या तुकड्याशी आले, तसे डुकराने हळूच नाक मध्ये घातले.

"तेवढा राहू दे, बाळा."

"पण बाबा, मला अजून भूक आहे."

"मलाही आहे," डुक्कर म्हणाला. आणि ज्या नाकाने त्याने जन्मभर माती फक्त उकरली होती, त्याच नाकाने त्या दिवशी पहिल्यांदा ती सारखी केली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या भरल्या ताटावर जळू नये, त्याने रोज मागे ठेवलेला घास पाहावा. उद्याचे अन्न अशा एकेका घासानेच टिकते, आणि एकेका घासानेच संपते.