परत करायची पिशवी

एकदा एक विधुर गृहस्थ उतारवयात शिवणकाम शिकायला गेले, तेव्हा गावाला आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याहूनही वृद्ध होत्या. देवळामागच्या खोलीत त्या जुन्या सुती कापडातून पोळ्या गुंडाळायचे रुमाल आणि खाऊसाठी नाडीच्या पिशव्या शिवायला शिकवीत. प्लास्टिक वाईट, असे त्या कधी सांगत नसत. ते सांगणारे गावात पुष्कळ होते. त्यातले बरेचसे प्लास्टिकच्या पिशवीतून भाजी नेता नेताच सांगत.

गृहस्थांनाही प्लास्टिकची चिंता नव्हती. पत्नी गेल्यापासून तिचे शिवणयंत्र झाकून पडले होते आणि संध्याकाळी घर फार मोठे वाटे. मुलगा परदेशी, तो फोन करी आणि "बाकी काय?" असे विचारी. बाकीच तर सगळे होते, पण ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते. दूधवाला पहाटे दुधाची पिशवी कडीला अडकवून निघून जाई. एखाद्या दिवशी दुपार झाली तरी आपण एक शब्दही बोललेलो नाही हे ध्यानात आले, की गृहस्थ नुसतेच खाकरून आवाज जागेवर असल्याची खात्री करून घेत.

हात लवकर बसला. आतून अस्तर, दुमडीत दडवलेली टीप, ओढली की घट्ट बसणारी नाडी. या निमित्ताने चार माणसे जोडली जातील, अशा आशेने त्यांनी पिशव्या आणि रुमाल घरोघर वाटले. लोक "वा!" म्हणत. गृहस्थ अदबीने म्हणत, "परत-बिरत करायची नाही हं. ठेवूनच घ्या." जन्मभर कुणाच्या मिंधेपणात न राहिलेला माणूस, दुसऱ्यालाही मिंधे करू इच्छीत नव्हता. लोक आभार मानत आणि दार लावून घेत. पुढे काहीच घडत नसे.

अखेर एके दिवशी त्यांनी बाईंपुढे एक पिशवी ठेवली. "बाई, शिवणीत काही चुकतंय का बघा. माझ्याकडे कुणी फिरकत नाही."

बाईंनी चष्मा सावरला. "शिवण उत्तम आहे. माझ्याहून सरळ."

"मग यंत्र देऊनच टाकतो कुणाला तरी. चालू असतं तोवर घरात कुणी असल्यासारखं वाटतं. थांबलं की जास्तच वाईट."

 बाईंनी फडताळातून एक ठिगळ लावलेली, हळदीचा डाग पडलेली पिशवी काढली, तीत डाळ्याचे लाडू भरले आणि म्हणाल्या, "न्या. पिशवी मात्र परत आणून द्या."

गृहस्थांनी लाडू खाल्ले. त्या चिंधीची एवढी काय मातबरी, असे मनाशी म्हणत पिशवी धुऊन बाजूला टाकली आणि विसरूनही गेले.

काही दिवसांनी बाई स्वतःच काठी टेकीत त्यांचा जिना चढून आल्या आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत्या झाल्या, "माझी पिशवी कुठंय?"

समोरचे दार किलकिले झाले. गृहस्थांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. धावत जाऊन त्यांनी पिशवी आणली. बाईंनी आत हात घालून चाचपले.

"रिकामी? तुमच्या घरात आलेलं भांडं रिकामं परत देतात?"

"तसं नव्हे हो... हे सगळं ही बघायची."

"ती बघायची, म्हणून माणसं यायची. आता मला आत घेताय, की उंबऱ्यावरच भांडू?"

घरातल्या दुसऱ्या खुर्चीवर शिवलेल्या पिशव्यांचा ढीग होता. तो उचलल्याखेरीज कुणाला बसता येईना. गृहस्थांनी तो उचलला, स्वयंपाकघर धुंडाळले आणि सापडली ती मूठभर साखर बाईंच्या पिशवीत घातली.

"माझी अशी शोभा का केलीत, बाई?"

बाई दम खात बसल्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "शोभा माझीही झाली. जिन्यात दोनदा वाटलं, मागं फिरावं. अहो, प्लास्टिकची पिशवी कुणी परत आणून देत नाही. तिचा गुण तो आणि दोषही तोच. दिली, संपलं. कापडाची वस्तू परत यायची असते आणि तिच्यासोबत माणूस यायचा असतो. तुम्ही पिशव्या शिवल्यात कापडाच्या आणि वाटल्यात प्लास्टिकसारख्या. 'परत नको' म्हणालात, तिथं लोकांचं येण्याचं कारणच कापून टाकलंत. मीही एकटीच आहे. पण माझी एखादी पिशवी कायम कुणाच्या तरी घरी अडकलेली असते."

"पण मागायचं कसं? लाज वाटते."

"वाटते," बाई म्हणाल्या. "मला अजूनही वाटते." आणि साखर घेऊन त्या हळूहळू जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी शेंगदाणे भाजले. काही करपले, ते निवडून बाजूला काढले. पिशवी भरली, समोरचे दार वाजवले. शेजारची सुमेधा बाहेर आली. "अय्या काका, पुन्हा? केवढी गोड!"

गृहस्थ खाकरले. सवयीचे वाक्य जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. "पिशवी मात्र परत हवी मला."

सुमेधा गोंधळली. तिच्या कपाळाला पडलेली आठी गृहस्थांना स्पष्ट दिसली. "बरं," एवढेच म्हणून तिने दार लोटले. गृहस्थ तापलेल्या कानांनी वळले. झाली तेवढी शोभा पुरे, असे म्हणत त्यांनी स्वतःच्या कडीला हात घातला, तोच पाठीमागे तिचे दार पुन्हा उघडले.

"काका, रिकामी कशी देऊ? मला रविवारीच काही करायला वेळ मिळेल. रविवारी आले तर चालेल? घरी असाल ना?"

"असेन," गृहस्थ म्हणाले.

आत येऊन ते बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभे राहिले. आज वार कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हते. कित्येक महिन्यांत ते ठाऊक असण्याची गरजच पडली नव्हती.