पहिला घोट कोणाचा?

राजा भानुदेव हटून बसला होता. "यंदा मडक्यातला पहिला घोट माझा! दर वर्षी मी तान्हाबाईचं उष्टं पितो. कातळगडचा राजा मी, की ती?"

समोर दरबाराच्या मधोमध ते मडकं ठेवलेलं. आत करवंदाचं मधासव. डोंगरातले मध काढणारे लोक मडक्यात मध, झऱ्याचं पाणी आणि पिकली करवंदं भरायचे, तोंड मेणानं बंद करायचे आणि सगळा पावसाळा ते तसंच मुरू द्यायचे. दसऱ्याला त्यातलं एक मडकं राजाकडे यायचं. मेण फोडलं की असा वास सुटायचा, की पहारेकरीसुद्धा भाले टेकून नुसते हुंगत उभे!

आता यात अडचण काय? अडचण होती राजाच्या शपथेची. त्याच्या आजोबांना कोणीतरी जेवणातून विष घातलं होतं. तेव्हापासून गादीवर बसणाऱ्यानं देवीपुढे शपथ घ्यायची, की आधी कोणी चाखल्याशिवाय मी काही तोंडात घालणार नाही. चाखायचं ते काम मुदपाकखान्यातल्या तान्हाबाईचं.

"शपथ मी मोडणार नाही," राजा समोर उभ्या तान्हाबाईला म्हणाला. "तू माझ्याआधी चाखायचंच. पण पहिला घोट मात्र माझा राहिला पाहिजे! दिवेलागणीला मडकं उघडू. जमलं नाही तर गड सोडून चालती हो!"

"महाराज, माझ्याकडून काही चुकलं का?"

"चुकलं? चाखताना मिटक्या मारतेस, त्या मला झोंबतात!"

"त्या चवीच्या मिटक्या नव्हेत हो, महाराज. जीव राहिला, त्याच्या आहेत!"

दरबार खुदकन हसला आणि राजा आणखीच चिडला.

दिवाणजी पुढे सरकले. "सरकार, त्यापेक्षा मांजराला पाजून बघू."

"म्हणजे पहिला घोट मांजराचा! आतापर्यंत बाईचं उष्टं, आता मांजराचं पिऊ?"

"मग वाटीत थोडं ओतून घेऊन..."

"अहो, ओतलं की पहिलं तेच निघालं ना! बसा खाली!"

दिवाणजी बसले.

तान्हाबाई घरी आली ती पाय ओढतच. मुदपाकखान्यामागे तिची एक खोली होती आणि खोलीत आंधळी सासू. ही म्हातारी पाठीवर घेऊन गड उतरायचा आणि जायचं कुठे? खाली ओळखीचं घर नाही की दार नाही. तिनं पेजेचं आधण ठेवलं. चूल धुमसत होती. ती फुंकणीनं फुंकायला लागली.

"केव्हाची फुंकतेयस गं?" सासू म्हणाली. "धूर माझ्या डोळ्यांत, आणि तुझं ध्यान कुठं?"

तान्हाबाईनं फुंकणी तोंडाची काढली. डोळ्यांसमोर धरून आरपार बघितली. मग एका तोंडावर अंगठा दाबला, काढला, पुन्हा दाबला. आणि एकटीच हसली.

"सासूबाई, पेज आज तुम्हीच ढवळा. मला वेळूच्या बनात जायचंय!"

दिवे लागले. दरबार भरला. तान्हाबाई आली ती हातात वेळूची एक बारीक, लांब, नवीकोरी नळी घेऊन.

"काय गं," दिवाणजी म्हणाले, "इथं चूल पेटवणार की काय?"

"चूल नाही दिवाणजी, पण कोणीतरी पेटेल असं वाटतंय!"

तिनं मेण फोडलं. वास दरबारभर पसरला. नळीचं वरचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबून तिनं ती सरळ मडक्याच्या तळापर्यंत नेली. तळाला टेकल्यावर अंगठा उचलला, पुन्हा दाबला आणि नळी बाहेर काढली. पदरानं ती बाहेरून पुसली आणि अंगठा सोडून आतलं सगळं तळहातावर घेतलं. जांभळा दाट गाळ, करवंदाच्या बिया, साली! तिनं तो तीर्थासारखा तोंडात टाकला, करकर चावला आणि तोंड असं वाकडं केलं की बघणाऱ्यांचे दात आंबले.

"घ्या महाराज. चाखून झालं. आता पहिला घोट तुमचा!"

"माझा कसा?" राजा गरजला. "आधी प्यालीस तू!"

"आधी प्याले, पण शेवटचा घोट प्याले! रांगेतला शेवटचा माणूस आधी घरी गेला, म्हणून तो रांगेत पहिला होतो का? वरचा घोट जागेवर आहे, बघा."

"नळी वरूनच आत गेली ना!" दिवाणजी उठले. "वरचं आत शिरलं असेल!"

"अंगठा होता की वर! वारा कोंडला की आत थेंब येत नाही. हातावर राहिलेला हा गाळ बघा, यात वरचं काही दिसतंय? हवं तर चाखा!"

दिवाणजींनी तिच्या हाताकडे बघितलं आणि ते पुन्हा बसले.

राजा काही सोडायला तयार नव्हता. "आणि विष वरच असतं तर?"

"विष कुठं हट्टी असतं, महाराज? एका जागी अडून बसायला ते काय..." तिनं जीभ चावली.

राजा गादीवरून पुढे झुकला.

"बोल, बोल! ते काय?"

"ते काय राजा आहे? ते मिसळतं सगळीकडे! आणि महाराज, तुम्ही सगळे पिऊन उठलात की मडकं घासायला कोणाकडे येतं? माझ्याकडे. तळाचा हा गाळ कोण पितं? मीच. मडक्यातला शेवटचा घोट दर वर्षी माझाच असतो. यंदा तेवढा जरा लवकर घेतला!"

राजानं मडक्यात डोकावून पाहिलं. वर आसव कसं नितळ, दिव्याची ज्योत त्यात हलत होती. त्यानं चांदीची वाटी बुडवली, पहिला घोट घेतला, डोळे मिटले. मग त्याच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि तो असा खदखदून हसला की वाटीतलं आसव अंगरख्यावर सांडलं!

"हरलो, बाई! दंडातलं हे सोन्याचं कडं तुझं. आणखी काय हवं? माग!"

तान्हाबाईनं जिभेवरची बी हळूच हातात घेतली.

"महाराज, इतकी वर्षं पहिला घोट घेतला तो भीत भीत, आणि शेवटचा घेतला तो बियांचा. मधला कसा लागतो, तेवढं कळू द्या!"

राजा गादीवरून उठला. हसू आवरत त्यानं स्वतःच्या हातानं वाटी काठोकाठ भरली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. सावकाश पी. तुझ्याआधी मी चाखलंय!"